आमच्या वाचनालयाचा जपानी विभाग

माझी चूक एवढीच की दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या वार्षिक सभेत प्रोजेक्टर बंद पडला तेव्हा मी उठून त्याची वायर नीट खोचली. त्या दिवसापासून मी गावातली कॉम्प्युटर एक्स्पर्ट. खरं तर मी पतसंस्थेत क्लार्क, दिवसभर पावत्या भरते, पण कार्यवाह गुरुजी (रिटायर्ड मराठीचे शिक्षक, अर्ध्या गावाने त्यांच्या छड्या खाल्ल्यात, मीही) म्हणाले, "तू कॉम्प्युटरवरच बसतेस ना गं, मग आपली वेबसाइट तू बघ." गुरुजींना नाही म्हणायची सवय शाळेतच मोडलेली.

वाचनालय सातारा जिल्ह्यातलं, ब वर्ग, शंभरी ओलांडलेलं. वेबसाइट खजिनदारांच्या भाच्याने केलेली, एकूण सहा पानं. इतिहास, वेळा, कार्यकारिणी, फोटो, संपर्क आणि 'लवकरच येत आहे'. भाचा कॅनडाला गेला, 'लवकरच येत आहे' अजून तिथंच आहे.

तर श्रावणात एका सकाळी एका सभासदाचा फोन. "ताई, आपण जपानी पुस्तकं कधीपासून ठेवायला लागलो?"

मी आधी हसले. मग गुगलवर वाचनालयाचं नाव टाकलं, आणि नावाखाली रांगेने जपानी अक्षरं, मधेमधे हँडबॅगा, घड्याळं, येनमध्ये किमती. साइट उघडली तर सगळं जागच्या जागी, हार घातलेली सरस्वती, खाली वेळ सकाळी ८ ते ११. परत गुगल, परत जपान.

दोन रात्री शोधाशोध केल्यावर कळलं की हा जुना, ओळखीचा रोग आहे, नावच जपानी कीवर्ड हॅक. घुसणारा आपल्या साइटवर हजारो जपानी पानं तयार करतो, ती नकली मालाच्या दुकानांकडे नेतात. गुगलला पानं दिसतात, मालकाने उघडली की 'पान सापडलं नाही'. म्हणजे सगळ्या गल्लीला माहिती, फक्त घरच्यांना नाही. आणि आमच्यासारख्या जुन्या गरीब साइटच कशाला, तर म्हणे अशा साइटची गुगलकडे पत असते, ती वापरायची. पतसंस्थेतल्या बाईला हे एका वाक्यात समजलं, आपल्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढलंय आणि आपण जामीन. वर गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलवर कशी दिसते ते मालकाला तिथं बघता येतं) मालक म्हणून भाच्याच्या नावाखाली अजून एक ईमेल बसलेला, सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवावं तसा.

आता घुसला कुठून? युजरनेम ॲडमिन. पासवर्ड वाचनालय वन टू थ्री, तोही चिठ्ठीवर लिहून काउंटरच्या काचेखाली, वर्गणीच्या दरपत्रकाशेजारी, म्हणजे पुस्तक बदलायला आलेला माणूस सहज वाचेल असा. वाचनालयात वाचायलाच येतात लोक. शिवाय साइटची थीम, म्हणजे तिचं तयार रूपडं, पैशाची होती, भाच्याने ती कुठूनतरी फुकट उतरवलेली, आणि असल्या फुकट थीममध्ये चोराने पुष्कळदा मागचं दार आधीच करून ठेवलेलं असतं. नक्की कुठून आला देव जाणे, दारं सगळीच उघडी होती.

साफसफाई म्हणजे ढेकणांसारखी. फोटोंच्या फोल्डरमध्ये, २०१९ च्या मराठी भाषा दिनाच्या फोटोंत, एक फाइल फोटो नसून प्रोग्राम होती. उडवली. सकाळी परत हजर. परत उडवली, दुपारी दुसऱ्या नावाने हजर. गादी उन्हात टाकली तरी ढेकूण खाटेच्या सांध्यात असतात, तसं याने सर्व्हरवर ठरावीक वेळेला आपोआप चालणारं काम लावून ठेवलेलं, तेच फाइल परत आणून ठेवायचं. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर, त्यामुळे बॅकअपलाही ढेकूण. शेवटी सगळं पुसून वर्डप्रेस, म्हणजे साइट ज्यावर चालते तो प्रोग्राम, नव्याने टाकलं आणि सहा पानं हाताने टाइप केली. 'लवकरच येत आहे' सुद्धा, गुरुजी म्हणाले राहू दे, लोकांना सवय आहे.

मग मी लॉगिनचा लॉग, म्हणजे कोणी कधी आत शिरायचा प्रयत्न केला त्याची वही, उघडला आणि झोपच उडाली. आमच्याकडे दिवसाला चाळीस वाचक येत नाहीत आणि रात्री तीन वाजता जगभरातून कोणकोण ॲडमिन, ॲडमिन करत दार ठोठावतंय. मला वाटलं आपल्यावर कोणाचातरी डोळा आहे. तसलं काही नसतं. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर आहेत, त्यामुळे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, सगळ्यांच्याच कड्या हलवून बघत जातात. आपल्याला कोणी खास निवडलेलं नाही हे कळल्यावर, खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं.

हॅकर परवडला, पण संपर्क फॉर्मचं काय? त्यावर रोज पन्नासेक निरोप. तुमची साइट गुगलच्या पहिल्या पानावर आणतो, कर्ज घ्या, बिटकॉइन घ्या, पुरुषांसाठी गोळ्या घ्या. आणि आमच्या वाचनालयाचा शंभर वर्षांचा शिरस्ता, आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे. गुरुजी प्रत्येकाला उत्तर देत होते! गोळ्यावाल्याला लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, "आपला प्रस्ताव कार्यकारिणीच्या आगामी सभेपुढे ठेवण्यात येईल. कळावे, लोभ असावा." लोभ होताच, दुसऱ्या दिवशी गोळ्यांचे बारा निरोप.

मी समजावलं, गुरुजी, ही माणसं नाहीत, आणि हे आजचं नाही, अमेरिकेत १९७८ मध्येच एका कॉम्प्युटर कंपनीच्या माणसाने जवळपास चारशे जणांना एकदम जाहिरातीचा मेल धाडला होता, तिथून ही प्रथा. गुरुजींनी विचारलं, "मग त्या चारशे जणांनी उत्तरं दिली?" म्हटलं, दिली, शिव्या दिल्या. "पण दिली ना."

मग फॉर्मवर कॅप्चा बसवला, म्हणजे निरोप पाठवणारा माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं. गुरुजींना पटावं म्हणून सांगितलं की त्यातलंच रीकॅप्चा सुरू झालं तेव्हा जुन्या पुस्तकांतले मशीनला न लागणारे शब्द लोकांकडून वाचून घ्यायचे, पुस्तकं अशी डिजिटल व्हायची. ते खूश, "म्हणजे ग्रंथालयाचंच काम की!" पण आता शब्द नाहीत, चित्रं. बस ओळखा म्हटलं तर पिवळी अमेरिकन बस, गुरुजी एसटी शोधत बसले. फायर हायड्रंट म्हणजे काय हे गावात कोणालाच माहीत नाही, आग लागली तर आम्ही विहिरीकडे पळतो. तीनदा नापास होऊन गुरुजी म्हणाले, "मी माणूस नाही असं ठरलंय वाटतं." ज्यांनी मला पाचवीत नापास केलं त्यांना यंत्राने नापास केलेलं बघून मी तोंड फिरवून घेतलं.

शेवटचा डोंगर म्हणजे ओटीपी. होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे भाड्याने ठेवलीय तिथलं, खातं अध्यक्ष अण्णांच्या मोबाइलवर. मी वाचनालयातून फोन केला, अण्णा, सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा.

"ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. बँकवाल्यांनी सांगितलंय."

"अहो अण्णा, मीच पाठवायला लावलाय."

"चोरही हेच म्हणतो." फोन बंद.

अख्ख्या कार्यकारिणीत सुरक्षेचे नियम पाळणारा एकच माणूस आणि तो नेमका माझ्याविरुद्ध. स्कूटी काढून घरी गेले. अण्णांनी चष्मा शोधला, काकूंनी चहा टाकला, चहा नको म्हटलं तर पोहे आले, आणि दहा मिनिटांचा ओटीपी पोह्यांवर लिंबू पिळेपर्यंत संपला. परत पाठवला. तोपर्यंत अण्णांची वामकुक्षीची वेळ झाली. तिसरा चार वाजता लागला, तोही काकूंनी वाचून दाखवला, अण्णांनी शेवटपर्यंत तोंडातून एक आकडा काढला नाही.

पण झालं. नवीन थीम विकत घेतली (तीन कोटेशन मागवून, त्यातली दोन मीच टाइप केली), चुकीच्या लॉगिनवर कुलूप, उपरा मालक सर्च कन्सोलमधून हाकलला आणि सोळा अक्षरांचा, काही अर्थ नसलेला पासवर्ड. तो फक्त गुरुजींना दिला, बंद पाकिटात. म्हटलं, काचेखाली ठेवायचा नाही. गुरुजी म्हणाले, "छे छे, शब्द देतो."

शब्द पाळला. काचेखाली नाही ठेवला. गेल्या सोमवारी कार्यकारिणीच्या सभेचं इतिवृत्त आलं, सर्व सभासदांना मेलवर, एक प्रत नोटीस बोर्डावर, एक वेबसाइटवर. ठराव क्रमांक ४, संकेतस्थळाचा नवीन पासवर्ड पुढीलप्रमाणे ठेवण्यास सर्वानुमते मंजुरी, आणि खाली सोळाच्या सोळा अक्षरं, ठळक टायपात. सूचक खजिनदार, अनुमोदक अण्णा. त्याखाली गुरुजींच्या सहीने टीप, "तिसरे अक्षर कॅपिटल आहे याची सभासदांनी कृपया नोंद घ्यावी."