बॉडी म्हणजे खर्च, लेन्स म्हणजे गुंतवणूक? त्या मेसेजला माझं उत्तर

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या भागातल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. कोणी लिहिला ते कोणाला माहीत नाही, पण दरवर्षी नव्या इमोजीसह तोच येतो. मजकूर थोडक्यात असा : बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हा खर्च, लेन्स ही गुंतवणूक. लेन्स आयुष्यभर पुरते, बॉडी तीन वर्षांत जुनी होते. फोटो लेन्स काढते, सेन्सर आता सगळ्यांचे सारखेच. भारी लेन्स असली की अंधारातही साधी बॉडी चालते. लेन्सला विकताना भाव येतो. खरे व्यावसायिक दहा-दहा वर्षं बॉडी बदलत नाहीत. आणि शेवटी ठळक अक्षरांत, दोनदा बॉडी बदलण्याच्या पैशात एक ‘एल’ लेन्स (कॅननची महागडी, व्यावसायिक मालिका) येते, तेव्हा शहाणे व्हा.

मी शहाणा झालो होतो. हातात कॅननची १५००डी होती. दोन सीझनची बचत घेऊन नागपूरला गेलो आणि सेकंडहँड ७०-२०० एफ/२.८ ही ‘एल’ लेन्स घेऊन आलो. म्हणजे खाली जे लिहितो आहे, ते मेसेज न ऐकणाऱ्याचं नाही, ऐकलेल्याचं आहे.

आधी अंधाराचा मुद्दा घेतो, कारण आमचं निम्मं काम अंधारातच चालतं. पूर्व विदर्भातल्या आमच्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते आणि तिच्यासोबत झाडीपट्टीची नाटकं. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. स्टेजवर कधी लाल लाइट, कधी निळा, मध्येच सगळं बंद. लग्नाचं तरी वेगळं काय? वरात नाचत नाचत येते, मुहूर्त टळतो, आणि मंगलाष्टका लागतात तेव्हा मांडवात चार हॅलोजन आणि एलईडीच्या माळा. अशा ठिकाणी लेन्स कामाला येते, यात वाद नाही. हिशोब सोपा आहे : एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किटची १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर जाते. त्याच जागी ५० एमएम एफ/१.८ लावली तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. जिथे शटर १/३० सेकंदावर अडकत होतं, तिथे १/२५० च्या पुढे जातं. ही लेन्स नवीसुद्धा दहा-बारा हजारांत येते. मेसेज एवढंच म्हणाला असता तर मी अंगठा दाखवून पुढे गेलो असतो.

पण प्रकाश सेन्सरपर्यंत पोचला म्हणजे फोकस लागला असं नाही. डीएसएलआरमध्ये, म्हणजे १५००डीसारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकसचा सेन्सर वेगळा असतो, आरशाखाली. या वर्गातल्या बॉडीत तो एफ/५.६ च्या हिशोबाने बनवलेला असतो. पुढे एफ/१.८ लावा की एफ/२.८, तो लेन्सच्या मधल्या तेवढ्याच भागातून येणारा प्रकाश वापरतो. व्ह्यूफाइंडर उजळ दिसतो म्हणून आपल्याला वाटतं की कॅमेऱ्यालाही आता नीट दिसत असेल. त्याला नाही दिसत. १५००डीला फोकसचे ९ पॉइंट, त्यातला क्रॉस-टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा, फक्त मधला एक. कंपनीच्या आकड्यांनुसार तिचा फोकस ईव्ही ० पर्यंत चालतो (ईव्ही हे उजेडाचं माप). कॅननच्याच वरच्या ९०डीचा ईव्ही -३ पर्यंत, मिररलेस (बिनआरशाच्या) आर१० चा -४ पर्यंत. एक ईव्ही खाली म्हणजे प्रकाश निम्मा, म्हणजे कागदावर ९०डी आठपट कमी उजेडात फोकस लावते. मोजण्याची पद्धत सगळ्यांची एकसारखी नसते, म्हणून थोडं कमी धरा. तरी फरक उरतोच, आणि तो कुठल्याही काचेने भरून निघत नाही.

त्यात उघड्या लेन्सची स्वतःची खोड आहे. ५० एमएम, एफ/१.८, नवरी दोन मीटरवर, तर १५००डीवर स्पष्ट येणारी खोली सुमारे ११ सेंटीमीटर. अर्धी वीत! एफ/५.६ ला हीच खोली दीड वीत असते. अंतरपाट खाली जातो, नवरदेव मान पुढे काढतो, मागून कोणीतरी अक्षता डोळ्यांवर मारतो, आणि त्या अर्ध्या वितीत डोळा पकडायचा असतो. म्हणजे लेन्स जितकी भारी, तितका फोकस अचूक हवा, आणि फोकसचं काम बॉडीकडे. डोळा ओळखून त्याच्या मागे जाणारी बॉडी आणि नऊ टिंबांची बॉडी यांतला फरक अल्बममध्ये नाही दिसत. तो कचऱ्यात टाकलेल्या फोटोंत दिसतो, आणि तो फोल्डर आपण कोणाला दाखवत नाही.

माझी ७०-२०० घेऊन मी पहिल्या हळदीला गेलो, तो प्रसंग सांगतो. ही लेन्स दीड किलोची, बॉडी अर्ध्या किलोचीही नाही. पुढे जड, मागे हलकी, आंब्याच्या फांदीला घंटा बांधल्यासारखं. १५००डीच्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर तिचं ७० एमएम म्हणजे ११२ एमएमचा, आणखी अरुंद नजारा. घराचं अंगण केवढं? नवरी पाटावर बसलेली, भोवती पाच सवाष्णी, त्या सगळ्या फ्रेममध्ये घ्यायच्या म्हणून मी मागे सरकत गेलो ते थेट गोठ्याच्या भिंतीला टेकलो. बैलाने पाठीवर श्वास सोडला. नवरीचा काका म्हणाला, “भाऊ, एवढ्या दुरून काहून काढता? या ना जवळ.” त्या दिवशीचे निम्म्याहून जास्त फोटो मी शेवटी त्याच किट लेन्सने काढले. चूक लेन्सची नव्हती, माझी होती. पण ‘एल’ घ्या असं सांगणाऱ्या मेसेजमध्ये अंगण किती मोठं आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

‘सेन्सर सगळ्यांचे सारखेच’ हे दुपारच्या उन्हात खरं आहे. आयएसओ (उजेड कमी तसा वाढवावा लागणारा संवेदनशीलतेचा आकडा) १०० वर काढलेला फोटो १५००डीचा की दुप्पट महागड्या बॉडीचा, हे मीही ओळखू शकणार नाही. ६४०० वर मात्र ओळखतो. शिवाय आता गिऱ्हाइकाला फक्त फोटो नको असतात. वरातीची रील, नवरीच्या एंट्रीचा व्हिडिओ, हे आधी विचारतात. १५००डी व्हिडिओत चालत्या माणसावर सतत फोकस ठेवत नाही, ती सोयच तिच्यात नाही. पुढे दोन लाखांची काच लावली तरी नाही. एलईडीच्या माळा असल्या की आणखी एक गंमत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक फोटो उजळ, पुढचा पिवळट. त्या लुकलुकीची वेळ साधून शटर मारणारी सोय कॅननने २०१४ मध्ये ७डी मार्क टूमध्ये आणली. हेही बॉडीचंच काम.

आयुष्यभराचं म्हणाल तर कोणाचं आयुष्य, हे आधी ठरवा. कॅननचं ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बॉडीवर जिथे बसते तो सांधा, १९८७ चं. २०१८ मध्ये मिररलेससाठी आरएफ आलं. कॅननवाल्यांचं नशीब चांगलं, ॲडाप्टर लावला की जुन्या ईएफ लेन्स नव्या बॉडीवर नीट चालतात. माझी ७०-२०० चालते, ते मी लपवत नाही. पण ज्यांनी २०१२ नंतर कॅननचंच ईएफ-एम माउंट घेतलं, त्यांच्या लेन्स आरएफवर बसतच नाहीत, आणि ते माउंट कंपनीने गुंडाळलं. निकॉनच्या बहुतेक जुन्या ‘डी’ लेन्सना स्वतःची मोटर नसते. निकॉनच्या मिररलेसला लावायच्या एफटीझेड ॲडाप्टरवर त्यांचा ऑटोफोकस बंद, आणि त्याआधी डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीवरही बंदच होता. आमच्याकडे एकाने घरातली ५० एमएम १.८डी आणून डी५६०० ला लावली. आता तो हाताने रिंग फिरवत लग्नं करतो. सोनीनेही ए-माउंटच्या बॉडी विकणं २०२१ मध्ये थांबवलं.

आणि बुरशी? मेसेज लिहिणाऱ्याने आमचा श्रावण पाहिलेला नसावा. जुलै-ऑगस्टमध्ये कामं नसतात, कॅमेरा बॅगेत पडून राहतो, धानाच्या बांधीत पाणी साचलेलं, भिंतीला ओल. दिवाळीला लेन्स उघडून टॉर्च मारला तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बॉडीला बुरशीचा त्रास कमी, लेन्सला जास्त. मी आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परततो. घरी सगळे हसतात.

विक्रीच्या भावाचं फार बोलत नाही. लेन्सचा भाव बॉडीपेक्षा हळू उतरतो, हे बरोबर आहे. मात्र मिररलेस आल्यापासून दुकानदार जुन्या डीएसएलआरच्या लेन्सकडेही तोंड वाकडं करूनच बघतो.

‘व्यावसायिक बॉडी बदलत नाहीत’ हे वाक्य स्टुडिओत बसून लिहिलेलं आहे. एका लग्नाचे २,५०० क्लिक धरा, वर्षाला ३० लग्नं. झाले ७५,०००. १५००डीनंतर मी घेतलेल्या ९०डीचं शटर कंपनीने १,२०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं. म्हणजे दुसऱ्या सीझनच्या उत्तरार्धात मी कंपनीच्या आकड्याबाहेर गेलो. शटर त्या दिवशी मोडतं असं नाही, पण मंगलाष्टकांच्या वेळी मोडू नये एवढीच माझी इच्छा.

आता माझ्या जिवाला लागलेला मुद्दा. ९०डीला कार्डाची खाच एकच. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात सप्तपदीनंतर स्क्रीनवर ‘कार्ड एरर’ आलं. बाहेर काढलं, पुसलं, परत घातलं, लॅपटॉपला लावलं. लॅपटॉप म्हणाला, फॉरमॅट करायचं का? रिकव्हरीत हळदीचे काही फोटो आले. मंगलाष्टकांपासून पुढचे एकही नाही. नवरीच्या वडिलांना सांगायला गेलो तेव्हा ते भांडले नाहीत. “पैसे राहू द्या भाऊ, पन पोरीच्या मायले मी काय सांगू?” एवढंच म्हणाले. पैसे मी परत केले. त्या दिवशी माझ्या गळ्यात जिल्ह्यातल्या चांगल्या लेन्सपैकी एक लटकत होती. पुढच्या हंगामाआधी मी हप्त्यांवर आर६ मार्क टू घेतली. तिच्यात दोन कार्डं, एक फोटो दोन्हीकडे एकाच वेळी लिहिला जातो. फोकस, आयएसओ हे सगळं नंतर. मी ती दुसऱ्या खाचेसाठी घेतली.

मेसेजच्या शेवटच्या गणितात, म्हणजे दोन बॉडी विरुद्ध एक लेन्स यात, मात्र तथ्य आहे, फक्त त्याचं कारण चुकीचं दिलं आहे. छोट्या छोट्या उड्या घातक. माझ्या एका मित्राने १५००डी विकून २००डी मार्क टू घेतली. मेगापिक्सल तेच २४, व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकसचे पॉइंट तेच ९. स्क्रीनवर बघून काढलं तर फोकस सुधारला, पण लग्नात भर उन्हात स्क्रीन दिसते कोणाला? एक वर्षाने तो पुन्हा बॉडी शोधू लागला. त्या दोन उड्यांपेक्षा लेन्स बरी, हे मान्य. पण एकच मोठी उडी आणि सोबत ती दहा-बारा हजारांची ५० एमएम, हा पर्याय मेसेजमध्ये नाहीच.

आणि ताडोब्याला जाणाऱ्यांनी हे सगळं सोडून द्यावं. कोलारा किंवा मोहर्ली गेटातून सकाळी आत शिरणाऱ्याला १८-५५ घेऊन जगातली कोणतीही बॉडी वाघ दाखवणार नाही. तिथे आधी १५०-६०० ही लांब पल्ल्याची लेन्स, मग बाकीचं. तरी मे महिन्यात दहा वाजल्यानंतर पाणवठ्यापलीकडचा वाघ थरथरताना दिसला तर लेन्सला शिव्या देऊ नका. ती तापलेली हवा आहे. तिच्यावर लेन्सही चालत नाही आणि बॉडीही.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावचा एक पोरगा हाच मेसेज घेऊन आला. त्याच्याकडे १५००डी. लेन्स घेऊ की बॉडी? म्हटलं, मागच्या लग्नात टाकून दिलेले फोटो आण. पेनड्राइव्हवर ६० आणले. आम्ही चहा पीत एकेक उघडून कागदावर रेघा मारल्या. हललेले ११. हे लेन्सने सुटले असते. फोकस अंतरपाटावर किंवा मागच्या मामावर गेलेले ३१. उरलेले १८ नीट होते, पण सगळे चेहरे गुलाबी, कारण मांडवाचं कापड गुलाबी. त्यावर उपाय एक फ्लॅश, तोही सेकंडहँड.

कागद बघून त्याने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, “दादा, तुमची ९०डी विकता का?” मी शटर काउंट काढून दाखवला. १,३८,०००. तो म्हणाला, “मंग फ्लॅशच दाखवा.”