तीनशे मीटरवर फुफाटा

मिसिसॉगात बसून मी उत्तर ऑन्टारिओतल्या एका सोन्याच्या खाणीचा मालक आहे, असं 2016 पासून सांगत आलोय. आबांनी फोनवर विचारलं, "खाण केवढी आहे?"

"खाण अजून नाही. जागा घेतलीय, ड्रिलिंग चाललंय."

आबा जरा थांबले. "म्हणजे बोअर मारताय."

म्हसवडजवळच्या आमच्या कोरडवाहू रानात आबांनी चार बोअर मारलेत. तिन्हींतून फुफाटा निघाला, चौथ्याला तांब्याभर पाणी. त्यामुळे ते अधिकारानं बोलतात.

मी 22 सेंटनं वीस हजार शेअर घेतले होते. या छोट्या कंपन्या सोनं विकत नाहीत, सोनं असण्याची शक्यता विकतात. उत्पन्न शून्य. पैसे संपले की नवे शेअर काढायचे, वर वॉरंटची, म्हणजे पुढे ठरल्या भावानं आणखी शेअर घेण्याच्या हक्काची, दक्षिणा. पोळी तेवढीच, पंगतीत पानं मात्र वाढत जातात.

आणि थांबणं! हिवाळ्यात थंडी कमी पडली, दलदल गोठली नाही, यंत्र नेता येत नाही. वसंतात बर्फ वितळलं, रस्ते बंद. उन्हाळ्यात वणवे. सगळं पार पडलं तर प्रयोगशाळेत नमुन्यांची रांग. वाईट याचं वाटतं की यातली सगळी कारणं खरी असतात. एखादं तरी खोटं निघालं असतं तर भांडता आलं असतं.

अखेर निकाल आला: तीनशे मीटरच्या खाली, सव्वा मीटर जाडीत, टनाला 2 ग्रॅम. मी पेढे आणले. बायकोनं विचारलं, "अहो, म्हणजे दहा ग्रॅमला दगड किती?"

"पाच टन."

तिनं हातातल्या पाटल्यांकडे अशा आदरानं पाहिलं, तसं लग्नात माझ्याकडेही पाहिलं नव्हतं. ऑगस्ट 2020 मध्ये सोनं पहिल्यांदाच औंसाला 2000 डॉलरच्या वर गेलं. पाटल्या वधारल्या. माझा शेअर 9 सेंटवरून 7 वर आला.

पुढे तो 3 सेंटवर टेकला, तेव्हा कंपनीनं दहा शेअरांचा एक केला. सकाळी खात्यात भाव दिसला 30 सेंट. "वाढला की!" बायको म्हणाली. वीस हजारांचे दोन हजार झालेत हे सांगायला मला संध्याकाळ झाली. तोवर भाव 26 झाला होता.

ब्रे-एक्स या कॅनडातल्या खाण कंपनीची गोष्ट मला ठाऊक नाही असं नाही. इंडोनेशियातल्या बुसांगचे नमुने, त्यांत बाहेरून मिसळलेलं सोनं, 1997 मध्ये फुटलेला फुगा. त्यानंतर कॅनडात नियम आले, आता अहवालावर पात्र तज्ज्ञाची सही लागते. आमच्या अहवालावरही आहे, ठसठशीत. आबा म्हणाले, "आमचा पाणाड्या नारळ आणि पाचशे रुपये घेऊन गेला. तुमचा दर वर्षी पगार घेतो."

मार्चमध्ये टोरांटोत खाणवाल्यांचं मोठं अधिवेशन भरतं. तिथे लाकडी खोक्यांत दगडाच्या लांबलचक कांड्या मांडलेल्या असतात. भिंगातून एक पिवळा ठिपका दाखवतात. मी दर वर्षी जातो, दर वर्षी तो ठिपका मला दिसतो, आणि येताना खिशात एक फुकटचं पेन असतं. हिशेब केला तर एकेक पेन मला शेकडो डॉलरला पडलंय.

गेल्या डिसेंबरात ठरवलं, विकायचं. तोटा दाखवून निदान करात सूट मिळवायची; त्या महिन्यात इथे हेच करतात. भाव 8 सेंट, म्हणजे एकूण 160 डॉलर. विक्रीच्या बटणावर बोट ठेवलं आणि ईमेल आला: नव्या सहा छिद्रांचे निकाल येत्या काही आठवड्यांत. बोट उचललं.

तेवढ्यात आबांचा फोन. "काय, लागलं का?"

"येत्या काही आठवड्यांत."

"बरं. ऐक, पाणाड्या म्हणतोय वरच्या बांधाला साडेचारशे फुटांवर नक्की आहे. थोडे पैसे कमी पडतायत."

पाचव्या बोअरचे पैसे मी त्याच रात्री पाठवले. वॉरंट मागितले नाहीत.