बेंड्स झाल्यावर पुन्हा पाण्यात उतरू नका

खोल पाण्यातून वर आल्यावर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा आजार म्हणजे बेंड्स. त्यावर उपचार होतो तो हायपरबेरिक चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद कोठीत. याबद्दल स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: ‘वर आल्यावर सांधे दुखले, हातापायांना मुंग्या आल्या, तर घाबरू नका. खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर मर्यादेत असेल तर ते बेंड्स नाहीतच. शंका वाटलीच तर सिलिंडर लावून पुन्हा खाली जा, दुखणं थांबेल त्या खोलीवर थांबा आणि सावकाश वर या. ऑक्सिजनने बरं वाटलं तर चेंबर लागत नाही. लागलंच तर प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात हायपरबेरिक चेंबर असतंच. आणि एक दिवस उलटला असेल तर चेंबरचा उपयोग नाही.’

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खरेपणाचा थोडा अंश आहे, म्हणून ते पटतं. सगळ्यात घातक वाक्यापासून सुरुवात करू.

‘पुन्हा खाली जा, दुखणं थांबेल’

हा समज जुना आहे आणि अनुभवातून आला आहे. एकोणिसाव्या शतकात नदीखाली दाबाच्या हवेत पुलांचे पाये आणि बोगदे खोदणाऱ्या मजुरांना वर आल्यावर असह्य सांधेदुखी व्हायची. पुन्हा दाबाखाली गेले की ती ओसरायची. हे पाहूनच १८९० च्या सुमारास हडसन नदीखालच्या बोगद्याच्या कामावर अर्नेस्ट मोयर या इंजिनिअरने आजारी मजुरांसाठी दाबाची वेगळी कोठी बसवली. म्हणजे दाबाने आराम पडतो हे खरं. पण ती कोठी कोरडी होती, माणूस तिच्यात आडवा पडू शकत होता आणि दाब हळूहळू उतरवायला बाहेर कोणीतरी होतं.

आता हिशेब करा. चेंबरमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा उपचार म्हणजे अमेरिकी नौदलाचं ‘टेबल ६’. आधी १८ मीटर खोलीइतका, म्हणजे २.८ बार (पृष्ठभागावरच्या हवेच्या सुमारे २.८ पट) दाब. तिथे मास्कमधून २० मिनिटं शुद्ध ऑक्सिजन आणि मग ५ मिनिटं साधी हवा, अशा तीन फेऱ्या. मग दाब अर्ध्या तासात ९ मीटरच्या पातळीवर आणून तिथे ऑक्सिजनच्या ६० मिनिटांच्या दोन फेऱ्या. मधली साधी हवा आणि शेवटी दाब उतरवणं धरून एकूण २८५ मिनिटं, लक्षणं रेंगाळली तर त्याहून जास्त. याउलट १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला तर त्यात २,४०० लिटर हवा असते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला १८ मीटरवर ५६ लिटर लागते. राखीव हवा न धरताही ४३ मिनिटांत सिलिंडर रिकामा होतो. मग वर यावंच लागतं, तेही पहिल्यापेक्षा जास्त नायट्रोजन अंगात घेऊन, कारण हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

दुसरी गोष्ट बुडबुड्याची. २.८ बारला गोल बुडबुड्याचं आकारमान ३६ टक्क्यांवर येतं, पण व्यास ७१ टक्के उरतो. नुसत्या दाबाने बुडबुडा लहान होतो, जात नाही. त्यातला नायट्रोजन बाहेर ओढण्याचं काम ऑक्सिजन करतो. साधी हवा घेऊन खाली जाण्यात उपचाराचा तो अर्धा भागच गायब असतो.

आणि आजारी माणूस तर आजारीच असतो. मुंग्यांनी सुरू झालेला त्रास अर्ध्या तासात पायांतली ताकद जाण्यापर्यंत पोहोचू शकतो. पाण्याखाली उलटी झाली, गरगरलं, शुद्ध हरपली तर रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते तोंडातलं यंत्र) तोंडातून सुटतो आणि ज्यातून वाचणं शक्य होतं त्या माणसाचा बुडून मृत्यू होतो. थंड पाण्यात कातडी आणि स्नायूंकडचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे नायट्रोजन बाहेर पडण्याचा वेगही मंदावतो.

पाण्यातल्या पाण्यात रिकम्प्रेशन, म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाखाली नेणं, करण्याची एक पद्धत खरोखर आहे. ती चेंबर फारच दूर असलेल्या ठिकाणांसाठी आहे: जास्तीत जास्त ९ मीटर खोली, शुद्ध ऑक्सिजन, सगळा चेहरा झाकणारा मास्क, रुग्णासोबत सतत एक डायव्हर, वर प्रशिक्षित माणसं, आणि सुमारे तीन तास पुरेल इतका ऑक्सिजन. ९ मीटरवर ऑक्सिजनचा आंशिक दाब (श्वासातल्या एकट्या ऑक्सिजनचा दाब) १.९ बार होतो. डायव्हिंगमधली नेहमीची वरची मर्यादा १.६ आहे. म्हणजे जास्त दाबाच्या ऑक्सिजनने आकडी येण्याचा धोका उघड आहे, आणि तोंडातला साधा रेग्युलेटर आकडीत टिकत नाही. ही तयारी बोटीवर आधीपासून नसेल तर ती पद्धत तुमच्यासाठी नाही.

‘कॉम्प्युटर मर्यादेत असेल तर बेंड्स नाहीत’

कॉम्प्युटरला खोली आणि वेळ कळते. तुम्ही पाणी किती प्यायलात, खाली किती मेहनत केली, कुडकुडलात का, हे त्याला कळत नाही. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात दोन कप्प्यांमधली जन्मजात फट बुजलेली नसते. तिच्यातून शिरांमधले बुडबुडे फुप्फुसाची गाळणी चुकवून थेट धमन्यांत जाऊ शकतात. हेही त्याला कळत नाही.

शिवाय धमनीत हवा शिरण्याच्या अपघाताचा नायट्रोजनशी संबंधच नसतो. सिलिंडरमधली हवा घेऊन श्वास रोखून वर आलं की फुप्फुस फाटतं, आणि त्याला दीड मीटरपेक्षा कमी खोलीही पुरते. वर आल्यावर १० मिनिटांच्या आत कोणी कोसळलं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर कॉम्प्युटर बघत बसू नका.

बेंड्सची लक्षणं उशिराही येतात. अमेरिकी नौदलाच्या मॅन्युअलनुसार ४२ टक्के रुग्णांत ती पहिल्या तासात दिसली, ८३ टक्क्यांत ८ तासांत आणि ९८ टक्क्यांत २४ तासांत. संध्याकाळी सुरू झालेली खांदेदुखी ‘सिलिंडर उचलल्यामुळे असेल’ म्हणून सोडून दिली जाते, ती यामुळेच.

‘ऑक्सिजनने बरं वाटलं तर चेंबर लागत नाही’

ऑक्सिजन द्या, लगेच द्या, हे शंभर टक्के बरोबर. पण तो कसा दिला जातो यात मोठा घोळ असतो. नाकात नळी घालून मिनिटाला ३-४ लिटर देणं पुरेसं नाही. पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मास्क घ्या, आधी पिशवी पूर्ण फुगू द्या, मिनिटाला १५ लिटर लावा आणि मास्कच्या कडा चेहऱ्याला घट्ट बसल्यात ना ते पाहा. दाढीतून गळती होते. रुग्ण नीट श्वास घेत असेल तर डिमांड व्हॉल्व्ह (श्वास ओढला तेव्हाच ऑक्सिजन सोडणारी झडप) त्याहून चांगला, त्यात ऑक्सिजन वायाही कमी जातो.

सगळ्यात जास्त घात बोटावरचा ऑक्सिमीटर करतो. तो ९८ दाखवतो आणि कोणीतरी मास्क काढून ठेवतं. इथे ऑक्सिजन रक्तातली कमतरता भरून काढायला दिलेला नसतो. श्वासातला नायट्रोजन शून्यावर आणून शरीरातला बाहेर खेचायला दिलेला असतो. आकडा कितीही चांगला असला तरी तो चालूच ठेवा.

किती लागेल? चार तासांच्या प्रवासाला १५ लिटरने ३,६०० लिटर. बोटीवरच्या ४०० लिटरच्या छोट्या सिलिंडरमध्ये २७ मिनिटंही होत नाहीत. हे गणित डायव्हच्या आदल्या दिवशी करायचं असतं.

रुग्णाला सपाट झोपवा. डोकं खाली, पाय वर अशी जुनी पद्धत आता सोडून दिली आहे, कारण तिने मेंदूची सूज वाढू शकते. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. शुद्धीवर असेल आणि उलटी होत नसेल तर ओआरएस थोडं थोडं पाजा. वेदनेसाठी अँब्युलन्समध्ये नायट्रस ऑक्साइडचा वायू असेल तर तो कटाक्षाने नको: तो बुडबुड्यांत शिरून ते मोठे करतो.

लक्षणं ऑक्सिजनवर गेली आणि तो बंद केल्यावर परत आली, असं पुष्कळदा होतं. चेंबरशिवाय भागणारे रुग्ण असतात, हेही खरं. रुग्णालयापूर्वीच्या उपचारांबद्दल २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीनुसार, फक्त अंगदुखी, थकवा किंवा पुरळ अशी सौम्य, न वाढणारी लक्षणं असतील, मज्जासंस्थेची तपासणी ठीक असेल आणि चेंबरपर्यंत पोहोचणं अवघड असेल, तर रिकम्प्रेशन न करता भागू शकतं. मात्र हा निर्णय डायव्हिंगच्या डॉक्टरांनी घ्यायचा, रुग्णाने किंवा मित्रांनी नाही.

‘प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात चेंबर असतंच’

बरीच चेंबर जखमा भरून काढण्यासाठी असतात: दिवसा ठरावीक वेळी चालणारी, रात्री माणूस नसलेली, डायव्हरची इमर्जन्सी न घेणारी. एकाच रुग्णाच्या नळकांड्यात उपचारादरम्यान आकडी आली तर आत हात लावायला कोणी नसतं. फुगवायची मऊ चेंबर तर १.३ बारच्या आसपासच जातात. बेंड्सच्या उपचाराला ती निरुपयोगी.

म्हणून सहलीआधी फोन करून चार गोष्टी विचारा: डायव्हरची इमर्जन्सी घेता का, २४ तास माणसं असतात का, २.८ बारपर्यंत जाता का, आत सोबत कोणी बसतं का. अपघात झाल्यावर आधी जवळच्या हॉस्पिटलात न्या आणि त्याच वेळी डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या डायव्हिंग इमर्जन्सी सेवेला फोन लावा. कुठलं चेंबर चालू आहे ते त्यांना माहीत असतं.

हेलिकॉप्टर शक्यतो ३०० मीटरच्या खालून नेऊ द्या. साध्या विमानाच्या केबिनमधला दाब २,००० मीटरच्या डोंगरावरच्या दाबाइतका असू शकतो, त्यात बुडबुडे वाढतात. घाटातला रस्ता निवडतानाही तेच लक्षात ठेवा.

‘एक दिवस उलटला तर उपयोग नाही’

लवकर केलेला उपचार चांगला, विशेषतः पायांतली ताकद जात असेल तेव्हा. पण काही दिवसांनी आलेल्यांनाही फायदा होतो. बुडबुडे फक्त वाट अडवत नाहीत, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करून सूज आणतात, आणि दाबाखालचा ऑक्सिजन त्या सुजेवरही काम करतो. म्हणून तिसऱ्या दिवशीही फोन करा. शेवटच्या डायव्हची खोली आणि वेळ, वर आल्याची वेळ, पहिलं लक्षण केव्हा आलं, ते वाढतंय का आणि शेवटची लघवी केव्हा झाली, हे कागदावर लिहून घेऊन करा. लघवी तुंबणं हे मज्जारज्जूला इजा झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि लाजेमुळे ते सगळ्यात उशिरा सांगितलं जातं.