‘इजिप्शियन’ टाईपचा नेपोलियनशी संबंध किती?

रेषांच्या टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या (सेरिफ) असलेल्या ‘स्लॅब सेरिफ’ अक्षरांबद्दल एक गोष्ट फिरते आहे: नेपोलियनच्या सैनिकांनी इजिप्तमध्ये दुर्बिणीतून वाचता यावेत म्हणून फलकांवर अशी अक्षरे रंगवली, म्हणून त्यांना ‘इजिप्शियन’ म्हणतात. याला आधार नाही. फ्रान्समध्ये क्लोद शाप यांची दूरसंदेश यंत्रणा 1794 पासून चालत होती, पण ती हलत्या लाकडी हातांच्या खुणांवर चालायची, रंगवलेल्या अक्षरांवर नाही.

नाव आले ते लंडनमधून. नेपोलियनच्या 1798 च्या मोहिमेनंतर तिथे इजिप्तचे वेड पसरले होते. टाईप, म्हणजे छपाईची अक्षरे बनवणाऱ्या विन्सेंट फिगिन्स यांनी 1817 च्या सुमारास असा टाईप दाखवला, पण त्याला नाव दिले ‘अँटिक’. उलट 1816 मध्ये विल्यम कॅस्लन चौथे यांनी ‘इजिप्शियन’ म्हणून जो टाईप आणला, त्याला सेरिफच नव्हते! म्हणजे नावाचा अक्षराच्या घडणीशी संबंध जोडणेच चूक.

या अक्षरांचे खरे घर म्हणजे जाहिरात. पोस्टर आणि हस्तपत्रकांच्या गर्दीत लांबून नजर खेचायची, तर रेषा जवळपास सारख्याच जाडीच्या हव्यात आणि टोकाची पट्टीही तेवढीच भक्कम. नाजूक सेरिफ मोठ्या लाकडी टाईपमध्ये तुटतात, जाड पट्ट्या टिकतात. रॉबर्ट बेस्ली यांच्या फाउंड्रीने (टाईप ओतण्याच्या कारखान्याने) 1845 मध्ये आणलेला ‘क्लॅरेंडन’ थोडा मवाळ, रेषा आणि पट्टी वळणाने जुळणारा. मला तोच सर्वांत देखणा वाटतो.

ठळक स्लॅब मथळ्याला, पाटीला, वेष्टनाला वापरा. सलग मजकुराला मात्र नको, पान काळे पडते.