सालाखालचा ठिपका

माझ्या नाण्यांच्या संग्रहासाठी भाजीवाल्या मावशींच्या डब्यातलं दोन रुपयांचं एक नाणं मागितलं, एवढाच माझा गुन्हा. बदल्यात दोनाचंच दुसरं देत होतो. पण खिशातून भिंग काढलं आणि मागची रांग चुळबुळायला लागली.

"काय बघताय एवढं?"

"नाण्यावरच्या सालाखाली ठिपका आहे का ते."

ठिपका म्हणजे नाणं नोएडाच्या टांकसाळीत पाडलेलं. पत्त्यातल्या चौकटीसारखा हिरा असेल तर मुंबई, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद आणि काहीच नसेल तर कोलकाता. खरी पीडा इथेच आहे. ठिपका झिजला की नोएडाचं नाणं कोलकात्याला नांदायला जातं, ते परत येत नाही.

मागे कोथिंबिरीची जुडी धरून उभे असलेले काका म्हणाले, "म्हणजे चारी ठिकाणचं एकेक मिळालं की झालं?"

झालं कुठे, काका! दोनाचंच घ्या. १९८२ ला आलं, पुढे अकरा कोनांचं झालं, २००५ नंतर स्टीलचं, २००७ ला त्यावर दोन बोटं आली, २०११ ला ₹ चं चिन्ह. हे सगळं गुणिले साल, गुणिले टांकसाळ. वर प्रत्येक टांकसाळ दर साली प्रत्येक नाणं पाडतेच असं नाही. म्हणजे अल्बमातला रिकामा कप्पा हा माझा आळस की सरकारचा, तेही ठरवायचं मीच.

"एक, दोन, पाच, वीस," मावशींनी मेथीच्या ओल्या जुडीवर बोटं मोजली. "चार नाणी. पुरे की."

"दहाचं राहिलं."

"दहाचं चालत नाही."

"अहो, रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय, दहाच्या नाण्याची चौदाच्या चौदा डिझाइन्स चालतात!"

"मग बँकेला म्हणावं, ये भाजी घ्यायला."

रांग हसली. मी नाही.

आणि 'चालत नाही' म्हणायचंच असेल, तर नव्या संसद भवनाच्या २०२३ च्या पंच्याहत्तर रुपयांच्या नाण्याला म्हणा ना. ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी. टांकसाळीतून निघतं ते थेट डबीत, सुट्टे म्हणून कोणाच्या हातावर पडतच नाही. शंभर, दीडशे, हजार रुपयांच्या नाण्यांचं तेच. असली नाणी धरायची तर संग्रह कधी पुरा होणार नाही, खिसा मात्र पुरता रिकामा होईल. म्हणून माझ्या लेखी पुरा संग्रह म्हणजे १ एप्रिल १९५७ पासूनची दशमान नाणी, तीही बाजारात फिरलेलीच. प्रत्येक घडणीचं प्रत्येक टांकसाळीचं एक. दर सालाचा हट्ट मी सोडलाय. (निदान परवापर्यंत तरी सोडला होता.) आणि हो, स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका. प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पाझरतं आणि नाण्यावर हिरवट चिकटा धरतो.

"एवढं निरखताय म्हणजे किंमत असणार," मावशी म्हणाल्या. "वैष्णोदेवीच्या नाण्याला लाख मिळतात म्हणे."

"नाही मिळत हो."

"वीस द्या."

दोन रुपयांचे वीस दिले. काकांनी वर सल्ला दिला, "पुढच्या वेळी भिंग घरी ठेवा."

घरी नाणं कोमट पाण्यात सोडलं. चोळलं नाही, चोळायचं नसतंच. तासाभरानं बाहेर काढलं तर सालाखाली स्वच्छ. ठिपका म्हणून जो होता तो मळ होता. त्या सालाची कोलकात्याची दोन आधीच आहेत. हे तिसरं.