आधी सीट अडवा, विचार मग करा

सीईटीचा निकाल लागायचाय, तरी परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठातून रोज फोन येतोच: "सर, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या चारच सीट उरल्यात." गेल्या आठवड्यातही चारच होत्या. तेव्हा जागरूक पालकहो, कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, भानगडीत न पडता पुढीलप्रमाणे वागावे.

फोन ठेवायच्या आत पैसे पाठवा. परतीच्या अटी वाचू नका, चष्मा कुठे शोधत बसणार? ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर फार तर १००० रुपये कापून बाकी फी परत द्यायची, मूळ कागदपत्रं अडकवायची नाहीत, असं विद्यापीठांवर लक्ष ठेवणारी यूजीसी सांगते. पण नियम दाखवून भांडणं बरं दिसत नाही.

ब्रोशरवरचं सर्वांत मोठं पॅकेज म्हणजेच आपल्या बंड्याचं पॅकेज. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज-क्रमवारीला, दिलेल्या माहितीत किती मुलं नोकरीला लागली आणि मध्यक (बरोबर मधला) पगार किती, हे कॉलेजच्याच साइटवर असतं. उघडू नका, उगाच झोप उडेल.

केंद्राच्या एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांना, आणि महाराष्ट्रात एनआयटी एकच, नागपूरची. म्हणून जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशाच्या, यादीत ती तळाला टाका.

एसईबीसीचा (राज्याच्या मराठा आरक्षणाचा) दाखला जोसात चालत नाही आणि ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातला वेगळा लागतो, हे ऐन कागदपत्र तपासणीच्या दिवशी कळू द्या.

आता हिशेब. तो करायचाच नाही. केलात तर काय दिसेल? इथल्या खासगी कॉलेजची ट्यूशन फी वर्षाला दीड लाख धरा. उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शाहू महाराज योजनेत खुल्या वर्गातल्या मुलाची निम्मी फी सुटते: चार वर्षांचे तीन लाख. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलीची २०२४-२५ पासून सगळीच सुटते: सहा लाख. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या, पाच टक्के जागा निराळ्याच. कॅप सोडून मॅनेजमेंटची सीट घेतली की हे गेलं, राज्याची हद्द ओलांडली की गेलंच! वर हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, दरवर्षीची फीवाढ आणि दिवाळीचं तिकीट, जे साठ दिवस आधी पहाटे उठून काढायचं. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, मग घराचे कागद निघतात. आणि एवढं करून ब्रँच कोणती? जी मिळेल ती. का, तर "बाहेरचं कॉलेज" म्हणताना चारचौघांत मान ताठ राहते!

कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, शेजारच्या मुलाचा उतरवून काढा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते, पुढच्या फेऱ्यांची दगदग वाचते.

पुरे झालं. अहो, बाहेर जाऊ नका असं कोण म्हणतंय? दुसऱ्या राज्यातल्या एनआयटीत हवी ती ब्रँच मिळत असेल तर खुशाल पाठवा. पण गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ न उघडता, तो कोर्स एनबीए-मानांकित (दर्जा तपासलेला) आहे का हे न बघता, एका फोनवर लाख-दोन लाख टाकून येता आणि ऑगस्टमध्ये "रिफंड कसा मिळवायचा?" म्हणून दारोदार फिरता. भाजी घेताना पाच रुपयांसाठी घासाघीस करता ना? मग इथेच काय होतं? आणि ते जात वैधता प्रमाणपत्राचं? अर्ज अकरावीतच टाकायचा असतो. टाकलाय का? नाही ना?