आपके बालासाहेब

कुणी मोठा, वादग्रस्त पुढारी गेला की फेसबुकवर तासाभरात काय दिसणार हे आता पाठ झालंय. आधी 'ॐ शांती'ची रांग. त्याच बातमीखाली दात काढणारे इमोजी. मग त्या इमोजीवाल्यांना 'हेच संस्कार का' विचारणारे, आणि त्यांना 'हयातीत ह्यांनी काय केलं ते विसरलात का' विचारणारे. संध्याकाळपर्यंत कुणीतरी 'मरणान्तानि वैराणि', म्हणजे वैर मरणाशी संपतं, हे टाकतंच. परवा एका ओळखीच्या वहिनींनी ते टाकलं, त्यावर मी चार ओळी लिहायला बसले आणि हे एवढं झालं. लांब आहे. पोहे-जलेबी घेऊन बसा.

नोव्हेंबर २०१२. दिवाळी नुकतीच झालेली, १५ तारखेची भाऊबीज आटोपून पाहुणे गेले होते, डब्यात चकल्या उरल्या होत्या. बाबा टीव्हीसमोरून हलत नव्हते. १७ ला शनिवारी दुपारी डॉ. जलील पारकर मातोश्रीबाहेर आले आणि बाळासाहेब गेल्याचं त्यांनी सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि चित्र चालू ठेवलं. रात्रीपर्यंत तसंच.

आमचे बाबा इंदूरच्या रामबागेत जन्मलेले, उभी नोकरी तिथल्याच बँकेत. मुंबईत सलग आठ दिवससुद्धा राहिले नसतील. शिवसेनेशी त्यांचा संबंध म्हणजे लालबागचा मामा पोस्टाने बाळासाहेबांच्या 'मार्मिक' साप्ताहिकाचे अंक पाठवायचा, तेवढाच. त्यातली व्यंगचित्रं कापून ते वहीत चिकटवत. ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण एके काळी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये बरोबर होते, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. सांगायचे असं की वाटावं तिसरं टेबल ह्यांचंच होतं.

संध्याकाळी समोरच्या भाभीजी आल्या. गोरखपूरकडच्या. डोक्यावर पदर, हातात दुधाचं पातेलं, सुतकाच्या घरी यावं तशा. बाबांना म्हणाल्या, "बाबूजी, आपके बालासाहेब नहीं रहे."

आपके. मला तो शब्द टोचला. कारण चारच वर्षांपूर्वी, २००८ च्या ऑक्टोबरात, ह्याच भाभीजींचा मुलगा रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईला निघाला होता. उत्तरेकडच्या परीक्षार्थींना तिथे राज ठाकरेंच्या मनसेकडून मारहाण झाल्याचं त्याला वाटेतच कळलं आणि तो पेपर न देताच परत आला. तेव्हा मी त्यांना समजावत बसले होते की हा पक्ष वेगळा, काका वेगळे, पुतण्या वेगळा. त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "बेटा, हमको तो सब एक ही दिखते हैं." आणि आज त्याच बाई दूध घेऊन आल्या होत्या. "आदमी रुतबेवाला था," म्हणाल्या. मुलगा दारापर्यंत आला होता, आत आला नाही.

त्या दिवशी आमच्याच गल्लीत किती तऱ्हा होत्या, ते आठवलं की फेसबुकवरची दोन गटांतली मारामारी मला फार बाळबोध वाटते.

मामाचा फोन रविवारी रात्री आला. घसा बसलेला. दिवसभर शिवाजी पार्कच्या गर्दीत उभा होता. आयुष्यात कुठलंही सरकारी पद न घेतलेल्या माणसाला शासकीय इतमामात निरोप दिला, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मामेभावाला बँकेत नोकरी लागली ती शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीच्या रेट्यामुळे, असं ते घर आजही मानतं. "आमचा बापच गेला ग," म्हणाला. हे रडणं खोटं आहे असं मला कुणी सांगू नये. मी ते ऐकलंय.

आणि बाबांचे बँकेतले मित्र. दर रविवारी सकाळी आमच्याकडे पोह्यांना यायचे, वर जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, जास्त घालून लागायचं त्यांना. त्यांची बहीण जानेवारी १९९३ मध्ये मुंबईहून मुलं आणि एक ट्रंक घेऊन इंदूरला आली होती, ती परत गेलीच नाही. त्या दोन महिन्यांच्या दंगलीत नऊशे माणसं मेली. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली दिलेल्या अहवालात बाळासाहेबांचं नाव घेऊन, एखाद्या मुरलेल्या सेनापतीसारखे त्यांनी शिवसैनिकांना मुसलमानांवर संघटित हल्ल्यांचे आदेश दिले, असं स्पष्ट लिहिलं. बाळासाहेब गेल्यानंतरच्या त्या रविवारी ते काका पोह्यांना आले नाहीत. पोस्ट नाही, शिवी नाही, हसणं नाही. आईने त्यांची प्लेट काढून ठेवली होती, ती दुपारी आवरली. बाबांना कारण कळलं होतं. पुढच्या रविवारी ते स्वतःच उठून त्यांच्याकडे गेले. काय बोलले माहीत नाही, बाबांनी कधी सांगितलं नाही.

आता माझं स्वतःचं. मला काय वाटलं होतं? मला ठाकऱ्यांची रेघ आवडायची, जीभ आवडायची, आणि त्यांच्या विचाराची भीती वाटायची. ही भीती मराठीच होती, हे महाराष्ट्रातल्या नातेवाईकांना काही केल्या पटवता येत नाही. 'मार्मिक'मध्ये 'वाचा आणि थंड बसा' म्हणून मुंबईतल्या कंपन्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. अशी यादी कुणी इंदूरच्या आमच्या बँकेची छापली असती तर? अमका जोशी, तमका सरवटे, फलाणा किबे. बाबांचं नाव पहिल्या पाचात असतं. बरं, आम्ही तर होळकरांच्या मागे मागे आलेले, म्हणजे इथल्या हिशेबाने बाहेरचेच. पण ह्या शहराने चिपळूणला जन्मलेल्या सुमित्राताई महाजनांना लोकसभेत सलग आठ वेळा पाठवलं. १९८९ मध्ये, पहिल्याच वेळी, कुणी 'भूमिपुत्र' हा शब्द काढला असता तर? २००९ मध्ये सचिन म्हणाला की मुंबई सगळ्या भारतीयांची आहे, तेव्हा 'सामना'तून त्याला सुनावलं गेलं. आमच्या घरात त्या दिवशी बाबाही पहिल्यांदा बाळासाहेबांवर चिडले. वही मात्र फाडली नाही.

तर 'मरणान्तानि वैराणि'. वहिनी, रागावू नका, पण ते वाक्य आपण अर्धंच उचलतो. वाल्मीकींच्या युद्धकांडात रावण पडलाय आणि बिभीषण अंत्यसंस्कार करायला तयार नाही. म्हणतो, हा अधर्मी होता. राम त्याला काय म्हणतो? 'छे छे, मेलेल्याबद्दल असं बोलू नये' असं म्हणत नाही. 'अधर्मानृतसंयुक्तः' असं स्वतः म्हणतो. होता तो अधर्माचा आणि असत्याचा, पण तेजस्वी होता, बलवान होता, शूर होता. वैर मरणाशी संपलं, आता त्याचे संस्कार कर. म्हणजे राम चितेला अग्नी द्यायला सांगतोय, तोंड बंद ठेवायला नाही. शिवाय हे म्हणणारा जिंकलेला आहे, आणि तो हे स्वतःच्या वैराबद्दल म्हणतोय. ज्याचं घर गेलं त्याला, ज्याचं काहीच गेलं नाही त्याने हे ऐकवणं म्हणजे वेगळीच गोष्ट झाली.

जगात सगळीकडे हे असंच चालतं, आपणच फार बिघडलोय असं नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये माजी पंतप्रधान थॅचरबाई गेल्या तेव्हा ब्रिटनमध्ये लोकांनी 'चेटकीण मेली' म्हणणारं एक जुनं गाणं विकत घेऊन घेऊन विक्रीच्या यादीत दुसऱ्या नंबरवर नेलं. बीबीसी पेचात पडली. शेवटी पूर्ण गाणं न वाजवता पाचेक सेकंदांचा तुकडा ऐकवला. (हा उपाय अगदी आपल्याकडच्या साहेबी फायलीसारखा वाटतो मला.) २०१६ मध्ये कॅस्ट्रो गेला तर हवानात नऊ दिवसांचा दुखवटा, आणि मायामीच्या रस्त्यावर मध्यरात्री लोक पातेली वाजवत नाचताहेत. दोन्हीकडे क्यूबाचीच माणसं. मला स्वतःला पातेली वाजवणं जमणार नाही. पण ज्यांना देश सोडावा लागला त्यांना मी 'हळू वाजवा' तरी कुठल्या तोंडाने सांगू?

हे सगळं आज मी मोठ्या ऐटीत लिहितेय. तेव्हा काय केलं ते सांगायचं राहिलंय.

१८ तारखेला पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज मरतात, मग शहर बंद कशासाठी. हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, अशा अर्थाचं. दुसरीने ते नुसतं लाइक केलं. दोघींनाही अटक झाली. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला. इंटरनेटवरच्या लिखाणासाठी अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ, हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

माझी लेक तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होती. तिनेही काहीतरी लिहिलं होतं, चार ओळी, आजोबांची चिकटवही आणि त्या 'याद्या' ह्यांबद्दल. चांगलं लिहिलं होतं. आजोबांवर माया होती त्यात, आणि प्रश्नही होता. पालघरची बातमी टीव्हीवर आली तशी मी गच्चीवर जाऊन तिला फोन केला. "काढ ती पोस्ट. आत्ता. मी फोन धरून आहे." ती म्हणाली, "आई, मी कुणाला वाईट बोललेय का त्यात?" मी म्हटलं, वाईट बोलली नाहीस, तरीही काढ. तिने काढली. मी पान पुन्हा उघडून खात्री करून घेतली. खाली बाबा तोच बिनआवाजाचा टीव्ही बघत बसले होते.

२४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं. एव्हाना लेक बंगळुरूला नोकरीला लागली होती. मी ऑफिसच्या वेळेत तिला फोन लावला, म्हटलं, ऐकलंस का, आता टाक परत ती पोस्ट.

"कुठली पोस्ट?" ती म्हणाली.